कुत्र्याचे छायाचित्र

ज्या घरी कुत्रा पाळलेला आहे, त्या घरी त्याचे छायाचित्र नाही असे आता सहसा आढळत नाही. पूर्वी छायाचित्र काढावयाचे म्हणजे स्टुडिओत जावे लागे, किंवा गावातील एखाद्या हौशी गृहस्थाचा कॅमेरा मागून आणावा लागे. फिल्मवरील प्रत्येक चित्राला पैसे पडत. म्हणून कुत्र्यासाठी ते खर्च करण्यास घरातील वडीलधारी माणसे कचरत. मोबाइल फोन घरोघरी आला आणि ती अडचण दूर झाली. तरीसुद्धा ही चित्रे चाळून पाहिली, तर बहुतेकांत तेच ते दोष दिसतात. कुत्र्याचे डोके मडक्याएवढे आणि पाय काड्यांसारखे. डोळ्यांच्या जागी दोन हिरवट दिवे. शेपटीच्या ठिकाणी नुसता धुरकट पट्टा. आणि पुष्कळदा तर कुत्रा चित्रातून अर्धा निघून गेलेला. चित्र पाहून मालक म्हणतो, "आमचा मोती असा दिसत नाही हो!" त्याचे म्हणणे खरे असते. मोती तसा दिसत नाही. मग चित्रात तो तसा का यावा?

याचे कारण कॅमेऱ्याच्या किमतीत शोधू नये. माणसाचे चित्र काढताना ज्या गोष्टी आपोआप जुळून येतात, त्या कुत्र्याच्या बाबतीत जुळून येत नाहीत, हे त्याचे खरे कारण होय. माणूस सांगितले की बसतो, भिंगाकडे पाहतो, क्षणभर स्तब्ध राहतो. त्याचे डोळेही चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. कुत्र्याला यांपैकी काहीच लागू पडत नाही. तेव्हा कुत्र्याने माणसासारखे वागावे अशी अपेक्षा सोडून, चित्र काढणाऱ्यानेच त्याच्या जगात थोडे शिरावयास हवे.

पहिली गोष्ट उंचीची. आपल्याकडील गावठी कुत्रा उभा असता खांद्यापाशी साधारण दीड ते दोन फूट भरतो. मोठा मनुष्य उभ्या उभ्या त्याच्यावर कॅमेरा रोखतो, तेव्हा भिंगाला जवळ असते ते कुत्र्याचे डोके आणि सर्वांत दूर असतात ते त्याचे पाय. जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसणार, हा तर नित्याचा अनुभव आहे. आणि अंतर जितके थोडे, तितका हा फरक अधिक. म्हणूनच डोके फुगते आणि पाय आखडतात. शिवाय वरून पाहणाऱ्याला कुत्र्याची छाती, मानेचा बाक, पोटाची रेघ यांपैकी काही दिसत नाही. दिसते ती पाठ आणि खालची फरशी. यावर उपाय अगदी बिनखर्ची आहे. गुडघे टेकावेत, मांडी घालून बसावे, कुत्रा लहान असल्यास जमिनीवर पालथे पडावे, आणि भिंग त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणावे. कपड्यांना माती लागेल. ती झटकता येते.

एलियट अर्विट या अमेरिकन छायाचित्रकाराने ही गोष्ट जन्मभर पाळली. १९२८ साली पॅरिसमध्ये जन्मलेले आणि २०२३ साली निवर्तलेले अर्विट 'मॅग्नम' या नामांकित छायाचित्रकार-संस्थेचे सभासद होते. त्यांनी मोठमोठ्या पुढाऱ्यांची चित्रे काढली. पण लोकांच्या स्मरणात विशेष राहिली ती त्यांची कुत्र्यांची चित्रे. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये काढलेले त्यांचे एक चित्र प्रसिद्ध आहे. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकलेला आहे. एका कडेला चिवावा जातीचे इवलेसे कुत्रे भिंगाकडे पाहत उभे आहे. त्याच्या शेजारी एका स्त्रीचे बूट घातलेले दोन पाय आणि त्यांच्यापलीकडे आणखी दोन उंच, सडपातळ पाय. प्रथम वाटते की, तेही कोणा माणसाचेच असावेत. नीट पाहिल्यावर उलगडा होतो की, ते ग्रेट डेन या धिप्पाड कुत्र्याचे पुढचे पाय आहेत! वरचे सारे जग चित्राबाहेर राहिले आहे. त्या चिमुकल्या प्राण्याला रस्ता कसा दिसत असेल, ते पाहणाऱ्याला एका क्षणात कळते. अर्विट कुत्र्यांचे लक्ष वेधण्यासाठी स्वतः भुंकत असत, कधी भोंगाही वाजवीत. रस्त्याने जाणाऱ्यांना त्याची मौज वाटली असेल. परंतु कुत्रे मात्र उत्तर देत.

उंची साधली, तरी काम संपले असे नव्हे. कुत्र्यांच्या व्यवहारात डोळ्याला डोळा भिडवून एकटक पाहणे म्हणजे आव्हान देणे होय. अनोळखी कुत्री एकमेकांना भेटतात, तेव्हा ती थोडी वळसा घालून, मान किंचित वळवून जवळ येतात; सरळ चालून जात नाहीत. आता कॅमेऱ्याचे भिंग कुत्र्याच्या दृष्टीने कसे असेल, याचा विचार करावा. ओळखीचा चेहरा एकाएकी झाकला जातो आणि त्याच्या जागी एक मोठा, काळा, न मिटणारा डोळा त्याच्यावर रोखला जातो! पुष्कळ कुत्री कॅमेरा पाहताच तोंड फिरवतात, ती हट्टी असतात म्हणून नव्हे. तर त्यांच्या रीतीप्रमाणे ती सभ्यपणे वागत असतात.

म्हणून आरंभी चित्र काढूच नये. कॅमेरा किंवा फोन जमिनीवर ठेवावा आणि कुत्र्याला तो पोटभर हुंगू द्यावा. मग तो हातात घेऊन नुसते शेजारी बसावे, तोही समोर नव्हे, जरा तिरपे. पाच-दहा मिनिटांत त्याचे कुतूहल संपते आणि तो आपल्या उद्योगाला लागतो. चांगली चित्रे मिळतात ती यानंतर. या वेळात कुत्र्याच्या देहबोलीकडे लक्ष असावे. खावयास काही नसताना तो जिभेने नाक चाटतो, झोप आली नसताना जांभया देतो, मान वळवूनही डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहतो व डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसू लागतो, शेपटी पोटाखाली घेतो. ही सर्व अस्वस्थतेची लक्षणे आहेत. ती दिसली की कॅमेरा बाजूला ठेवावा. अशा वेळी काढलेले चित्र यंत्राच्या दृष्टीने कितीही निर्दोष असले, तरी त्यात भ्यालेला कुत्रा दिसतो, आणि घरच्या माणसाला तो पाहवत नाही.

लक्ष वेधण्यासाठी जोडीला एखादा मित्र असावा. त्याने चित्र काढणाऱ्याच्या मागे उभे राहून, भिंगाच्या किंचित वर खाऊचा तुकडा किंवा चेंडू धरावा. चेंडू निळा किंवा पिवळा असल्यास बरे. कुत्र्याला हे दोन रंग चांगले ओळखता येतात. तांबडा आणि हिरवा मात्र त्याला जवळजवळ सारखेच भासतात, त्यामुळे हिरवळीवरचा तांबडा चेंडू त्याच्या सहज नजरेस येत नाही. एखादा अपरिचित आवाज काढला, की कुत्रा कान टवकारतो, तोंड मिटतो आणि मान कलती करतो. ही मुद्रा फार गोड दिसते. पण हा उपाय दोन-तीन वेळांच्या पलीकडे चालत नाही. चौथ्या वेळी तो ढुंकूनही पाहत नाही. म्हणून बाकीची सारी तयारी झाल्यावरच आवाज करावा. पुष्कळ मुले आधीच "यू यू, छू छू" करून सर्व आवाज संपवून टाकतात आणि मग कुत्र्याला बोल लावतात. खूप धावून आलेला कुत्रा जीभ बाहेर टाकून धापा टाकतो, तेव्हा तो हसत आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः तो शरीरातील उष्णता बाहेर टाकीत असतो. तशी चित्रेही चांगली दिसतात. परंतु शांत, मिटल्या तोंडाचा चेहरा हवा असेल, तर त्याला पाणी देऊन थोडा विसावा घेऊ द्यावा.

आता प्रकाशाविषयी. सकाळचे व सायंकाळचे तिरपे, कोवळे ऊन सर्वांत उत्तम. भर दुपारी डोक्यावर आलेल्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. दुपारीच चित्र काढावयाचे असेल, तर ओसरीची, झाडाची किंवा उघड्या दाराच्या आतली सावली निवडावी आणि कुत्र्याचे तोंड उजेडाच्या बाजूला येईल असे पाहावे. असे केले म्हणजे त्याच्या बुबुळात आकाशाचा एक लहानसा पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका नसेल, तर डोळा काचेसारखा निर्जीव वाटतो. असेल, तर चेहरा जिवंत होतो. फ्लॅशचा उपयोग मात्र टाळावा. कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे एक चकाकणारा थर असतो. अंधारात थोड्या उजेडाचा दुप्पट उपयोग व्हावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. आत आलेला प्रकाश त्यावरून परत फिरतो. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही. फ्लॅशचा झोत त्यावर आदळला, की चित्रात ते हिरवट दिवे लागतात.

काळ्या कुत्र्याचे चित्र हा सर्वांत कठीण भाग, आणि आपल्याकडे काळी कुत्री तर गल्लोगल्ली आहेत. ती चित्रात बिघडतात याला कॅमेऱ्याची एक सवय कारणीभूत आहे. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असावे असे गृहीत धरून तो प्रकाश मोजतो. काळ्या कुत्र्याने सारे चित्र व्यापले असेल, तर 'इथे उजेड कमी आहे' असे समजून कॅमेरा जास्त प्रकाश आत घेतो आणि कोळशासारखा काळा कुत्रा राखेच्या रंगाचा होतो. उलट तोच कुत्रा लख्ख उन्हाच्या अंगणात दूर उभा असेल, तर कॅमेरा अंगणाच्या मापाने प्रकाश कमी करतो आणि कुत्र्याच्या जागी नाकडोळे नसलेला शाईचा डाग उरतो. पांढऱ्या कुत्र्याने चित्र व्यापले, तर तो मळकट दिसतो. हे जाणले की उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर कुत्र्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे. बहुतेक फोनांत तेथे सूर्याची एक लहान खूण उमटते; ती बोटाने वर सरकवली की चित्र उजळते, खाली सरकवली की गडद होते. कुत्रा काळा असून राखी दिसत असेल, तर खाली; पांढरा असून मळका दिसत असेल, तर वर. याशिवाय काळ्या कुत्र्याला पांढऱ्या भिंतीपुढे किंवा काळोख्या कोपऱ्यात बसवू नये. मातीची भिंत, गवत, विटांचा कट्टा अशी मध्यम रंगाची पार्श्वभूमी त्याला मानवते. उजेड एका बाजूने येऊ द्यावा. मग त्याच्या केसांवर चमक येते आणि गाल, कपाळ, खांदा यांचे उंचवटे वेगवेगळे दिसू लागतात.

ही अडचण केवळ हौशी मुलांचीच होती असे नाही. सोव्हिएत रशियातील शास्त्रज्ञांनी अवकाशात पाठविण्यासाठी मॉस्कोच्या रस्त्यांवरील कुत्र्या निवडल्या, तेव्हा त्यांनी शक्यतो उजळ रंगाच्या कुत्र्या घेतल्या. कारण यानातील कॅमेऱ्यांत त्या अधिक स्पष्ट दिसत. १९ ऑगस्ट १९६० रोजी उड्डाण करून दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर सुखरूप परतलेल्या बेल्का व स्त्रेल्का या जोडीतील बेल्का तर पांढरीच होती. त्यांच्याआधी, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुत्निक-२ या यानातून गेलेली लायका परत आली नाही. तिला परत आणण्याची सोयच त्या यानात नव्हती. परंतु टोकाशी दुमडलेल्या कानांचा तिचा तो चेहरा आजही जगभर ओळखला जातो, तो उड्डाणापूर्वी काढलेल्या छायाचित्रांमुळे.

चित्रात सर्वांत रेखीव काय असावे? डोळे. कुत्र्याचे तोंड लांबट असल्यामुळे नाक आणि डोळे यांत चार-पाच बोटांचे अंतर पडते. कॅमेरा आपल्या मनाने जवळच्या नाकावर स्थिर झाला, तर नाक स्वच्छ येते आणि डोळे पुसट होतात. तेव्हा बोट डोळ्यावरच टेकवावे. फार जवळही जाऊ नये. नाहीतर नाकाचे वांगे होते. चार पावले मागे सरून दृश्य थोडे मोठे करून घेतले, की चेहरा प्रमाणात येतो. पार्श्वभूमीबद्दल इतकेच की, चित्र काढण्यापूर्वी कुत्र्याच्या मागे काय आहे ते एकदा पाहून घ्यावे. त्याच्या कानांतून दोरीवरचे धोतर उगवलेले दिसू नये.

धावणाऱ्या कुत्र्याचे चित्र घेणे ही एके काळी अशक्य गोष्ट होती. फ्रान्समधील दागेर याने १८३८ साली आपल्या खिडकीतून पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यात रस्ता ओस दिसतो. भिंग मिनिटे-मिनिटे उघडे ठेवावे लागल्यामुळे चालती माणसे आणि गाड्या चित्रात उमटल्याच नाहीत. बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक मनुष्य तेवढा दिसतो. पुढे एडवर्ड मायब्रिज याने १८७८ साली कॅलिफोर्नियात बारा कॅमेरे ओळीने मांडून दौडत्या घोड्याची चित्रे घेतली. १८८७ साली त्याने प्राण्यांच्या आणि माणसांच्या हालचालींचे ७८१ चित्रफलक प्रसिद्ध केले, त्यांत कुत्रेही होते. ग्रेहाउंडसारखा शिकारी कुत्रा भरधाव धावताना प्रत्येक ढांगेत दोन वेळा पूर्णपणे अधांतरी असतो: एकदा चारही पाय पोटाखाली गोळा केलेले असताना आणि एकदा पुढचे पुढे व मागचे मागे ताणलेले असताना. घोडा एकदाच अधांतरी असतो. नुसत्या डोळ्यांना ही हालचाल टिपता येत नाही. तिचे नीट आकलन झाले ते अशा छायाचित्रांमुळेच.

ज्याला असे चित्र हवे असेल, त्याने भिंगाची उघडझाप सेकंदाच्या ५०० व्या भागात, जमल्यास १००० व्या भागात होईल असे करावे आणि त्यासाठी भरपूर उजेडाची वेळ धरावी. उजेड कमी पडला, तर शेपटीचा तो धुरकट पट्टा ठरलेलाच. कुत्र्याच्या मागे कॅमेरा घेऊन धावण्यात अर्थ नाही. मित्राने कुत्र्याला दूर धरून ठेवावे, चित्र काढणाऱ्याने जमिनीलगत बसून त्याला नावाने हाक मारावी, आणि तो येऊ लागला की लागोपाठ दहा-बारा चित्रे घ्यावीत. मात्र नंतर ती सर्व पाहून एक-दोनच ठेवावीत. शेकडो चित्रे काढावयाची आणि एकही नीट न्याहाळायचे नाही, ही फोनने लावलेली वाईट खोड आहे.

रस्त्यावरील कुत्र्यांच्या बाबतीत थोडी अधिक सावधगिरी हवी. जेवणारा, झोपलेला, साखळीने बांधलेला आणि पिले जवळ असलेला कुत्रा यांच्याजवळ कॅमेरा नेऊ नये. दुरून दृश्य मोठे करून घ्यावे. मोठे माणूस सोबत असल्यावाचून अनोळखी कुत्र्यापुढे खाली बसू नये. आणि दात किंवा नख लागलेच, तर ते लपवून ठेवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घरी सांगावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की तो रोग बहुधा प्राण घेतल्यावाचून राहत नाही. पण वेळीच लस घेतल्यास तो टळतो.

अलीकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बेवारस कुत्र्यांना घर मिळवून देण्याचे काम पुष्कळ माणसे करतात, आणि त्या कामात छायाचित्राला फार महत्त्व आले आहे. कुत्र्याला पाहण्याआधी घर देणारा त्याचे चित्र पाहतो. पिंजऱ्याच्या गजांआडून, वरून, फ्लॅश मारून काढलेल्या चित्रातला कुत्रा रागीट किंवा आजारी वाटतो आणि पाहणारा पुढे निघून जातो. तोच कुत्रा दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, ओळखीच्या माणसाजवळ, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपला, तर कोणीतरी विचारणा करतो. काळ्या कुत्र्यांच्या वाट्याला खराब चित्रे अधिक येतात; म्हणून त्यांच्यासाठी जास्त वेळ राखून ठेवावा. अशा कामासाठी तीन चित्रे तरी असावीत: एक चेहऱ्याचे; एक बाजूने उभ्या कुत्र्याचे, सर्व पाय आणि शेपटी दिसेल असे; आणि एक माणसाशेजारी उभ्या कुत्र्याचे, म्हणजे तो केवढा आहे याचा अंदाज येतो. कुत्रा लंगडत असेल किंवा त्याच्या अंगावर जुना व्रण असेल, तर ती बाजू लपवू नये. घरी नेणाऱ्याला ते आज ना उद्या कळणारच. शस्त्रक्रिया करून ज्यांची पैदास थांबविली आहे, अशा रस्त्यावरील कुत्र्यांच्या एका कानाला ओळखीसाठी लहानशी खाच दिलेली असते. चेहऱ्याचे चित्र घेताना तो कान कॅमेऱ्याच्या बाजूला येईल असे बसावे; पाहणाऱ्याला मग एक प्रश्न कमी विचारावा लागतो.